वरची पावलं, खालची झोप

रांजणगावच्या एमआयडीसीतली रात्रपाळी आटोपून कामगारांच्या बस सकाळी शिरूरमध्ये परततात. आंघोळ, चहा-नाश्ता उरकून, खिडकीचे पडदे ओढून माणूस नऊच्या सुमारास पाठ टेकतो. नेमका त्याच वेळी इमारतीचा दिवस सुरू झालेला असतो. वरच्या मजल्यावर खुर्ची फरफटते. कुणीतरी खलबत्त्यात लसूण-मिरची कुटतं. बाथरूमच्या डक्टमधून पाणी धो धो खाली येतं. शेजारी घरघंटी लागते आणि पलंगाला टेकलेली भिंतच बारीक थरथरू लागते. दुपारी दोनला तो माणूस उठतो तेव्हा अंगात झोप असते आणि डोक्यात राग.

दौंडमध्येही हेच. तिथे अवेळी झोपणाऱ्यांची संख्या तर आणखी मोठी. रेल्वेचे लोको पायलट आणि गार्ड, कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतले पाळीचे कामगार, बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलिस दलाचे जवान. या गावांमध्ये बैठी घरं पाडून तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि आवाजाचा एक नवा प्रकार घरात आला. डीजे किंवा हॉर्नचा आवाज खिडकीतून येतो, तो दिसतो, त्याची तक्रारही करता येते. हा आवाज मात्र स्लॅबमधून, भिंतीतून आणि भिंतीतल्या पोकळ्यांतून येतो.

कान झोपत नाहीत

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण झोपलो तरी कान आवाज टिपत राहतात आणि मेंदू तो तपासत राहतो. अचानक ‘धप्प’ झालं की जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके क्षणभर वाढतात, रक्तदाब थोडा चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी आपल्याला यातलं काही आठवत नाही. ‘झोप झाली, पण ताजंतवानं वाटत नाही’ एवढीच तक्रार उरते. असं महिनोन् महिने होत राहिलं, तर चिडचिड, एकाग्रता कमी होणं, वाढता रक्तदाब असे परिणाम दिसू लागतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये घरातील आवाजाबाबत मार्गदर्शन केलं होतं. चांगल्या झोपेसाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा आणि मध्येच होणारा एखादा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, नेहमीचं बोलणं ६० चं. डेसिबलची मोजपट्टी मात्र फुटपट्टीसारखी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ‘पाच-दहा डेसिबलनं काय होतंय’ असं म्हणता येत नाही.

पाळीत काम करणाऱ्यांना हा त्रास अधिक का होतो? शरीराचं घड्याळ दिवसा जागं राहायला सांगत असतं, त्यामुळे रात्रपाळीनंतरची दिवसाची झोप मुळातच तोकडी आणि सावध असते. रात्रपाळीचं काम जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तोच निष्कर्ष कायम ठेवला. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होणारच असा नाही. पण जी थोडी झोप हाती लागते ती तरी अखंड मिळायला हवी, एवढं यावरून नक्की कळतं. शिवाय अर्धवट झोपेवर माणूस इंजिन चालवतो, प्रेसवर हात घालतो, नगर रस्त्यावर दुचाकी हाकतो. तिथे डुलकी लागली तर किंमत त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

आवाजाच्या दोन वाटा

मजल्यांमधून येणारा आवाज दोन प्रकारचा असतो आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. गल्लत होते ती इथेच.

पहिला हवेतून येणारा. बोलणं, टीव्ही, भजनाची टाळी, कुकरची शिट्टी. हा आवाज आधी हवेत पसरतो, मग भिंतीवर किंवा स्लॅबवर आदळून तिला हलवतो आणि ती पलीकडची हवा हलवते. जड वस्तू हलवायला कठीण, म्हणून भिंत जितकी वजनदार तितका हा आवाज कमी. ढोबळ नियम असा की वजन दुप्पट केलं तर पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो.

दुसरा आघाताचा. टाचा आपटत चालणं, खुर्ची ओढणं, खलबत्ता, मुलांच्या उड्या, घरघंटीचं कंपन. इथे हवेचा संबंध नंतर येतो. ठोका थेट काँक्रीटलाच बसतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, काँक्रीटमध्ये त्याच्या जवळपास दहापट वेगाने, आणि वाटेत फारसा विरतही नाही. पाच इंची स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो असतं. वरच्यांचं बोलणं तो बऱ्यापैकी अडवतो, पण वर पडलेला चमचा खाली स्वच्छ ऐकू येतो, त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट. आरसीसी इमारतीत स्लॅब, बीम आणि कॉलम एकसंध ओतलेले असतात. त्यामुळे ठोका कुठे बसला आणि ऐकू कुठे आला यांचा मेळ लागत नाही. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला कुटलेली चटणी पहिल्या मजल्यावर ‘अगदी डोक्यावर’ वाजल्यासारखी वाटते. अनेक भांडणं अशी चुकीच्या दारावर जाऊन होतात. वरच्या घराला बोल लावण्याआधी आवाज खरंच तिथूनच येतो का, हे एकदा शांतपणे पाहावं.

आमच्या भिंती पोकळ कुठे?

अमेरिका-युरोपातल्या लाकडी सांगाड्याच्या घरांत भिंत म्हणजे दोन्ही बाजूंना पातळ तक्ते आणि मध्ये पोकळी. तिथे ही पोकळी मजल्यापासून मजल्यापर्यंत आवाज वाहून नेते. आपल्या विटांच्या भिंती भरीव, मग आपला काय संबंध, असं वाटेल. पण आपल्या घरांतही पोकळ्या आहेत. त्यांना आपण वेगळ्या नावांनी ओळखतो.

सर्वांत मोठी पोकळी म्हणजे प्लंबिंगचा डक्ट. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सरळ उभी विहीरच ती. प्रत्येक मजल्यावरचं बाथरूम तिच्यात उघडतं, त्यामुळे वरच्याचं गुणगुणणंही खालच्याला ऐकू येतं. त्यातले पीव्हीसीचे पाइप जुन्या बिडाच्या पाइपपेक्षा हलके आणि पातळ असतात, म्हणून पाण्याचा आवाज अधिक. पाइपभोवती स्लॅबमध्ये राहिलेली फट कुणी बुजवत नाही. वायरिंगच्या कंड्युट नळ्याही अशाच मजल्या-मजल्यांतून जातात. एकाच भिंतीत दोन घरांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले, तर तिथे चार इंचांची भिंत नावालाच उरते. ब्लॉकची भिंत आणि वरचा बीम यांच्यातला सांधा मसाल्यानं नीट भरला नसेल तर ती आणखी एक वाट. आणि जिप्समचं फॉल्स सीलिंग म्हणजे तर आपण स्वतः पैसे देऊन तयार केलेली पोकळी.

छोट्या भोकानं काय होतं, याचं गणित थक्क करणारं आहे. १० चौरस मीटरची, ५० डेसिबल अडवणारी भक्कम भिंत घ्या. तिच्यात १० चौरस सेंटिमीटरचं भोक ठेवा. काडेपेटीचा छापील चेहरासुद्धा याहून मोठा असतो. भिंतीचा हा फक्त दहा हजारावा भाग, पण आता ती भिंत ४० डेसिबलच अडवते. दाराचंही तसंच. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली १ सेंटिमीटरची फट असेल, तर दार सागवानी असो की लोखंडी, ते २३ डेसिबलच्या पुढे फारसं काही अडवू शकत नाही. आवाज पाण्यासारखा आहे. जिथे फट, तिथून तो येतो.

यात भर पडली आहे ती हलक्या ब्लॉकची. राखाडी एएसी ब्लॉक उष्णता अडवतो, काम लवकर होतं, इमारतीवरचा भार कमी होतो. हे सगळे फायदे खरेच आहेत. पण त्याचं वजन तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीच्या साधारण एक तृतीयांश असतं. दोन फ्लॅटमधली सामाईक भिंत चार इंची ब्लॉकची असेल, तर शेजाऱ्याची बातमी टीव्हीशिवाय कळते.

माळवदाखालची शांतता

या भागातल्या जुन्या धाब्याच्या घरांत दुपारी शिरल्यावर जो गारवा आणि जी शांतता जाणवते, तिचं रहस्य वजनात आहे. दगडमातीच्या दोन-दोन फूट भिंती, तुळयांवर किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर. दुमजली वाड्यांतही लाकडी तक्तपोशीवर मातीची जमीन केलेली असे. माती जड असते आणि मऊही, त्यामुळे ती बोलणं अडवते आणि पावलाचा धक्काही जिरवते.

पण म्हणून स्लॅबवर मातीचे थर चढवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच जड दगडमातीची घरं कोसळून हजारो माणसं गाडली गेली. आहे त्या इमारतीवर वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतलाच पाहिजे. आपल्याला घ्यायचा आहे तो त्या घरांमधला विचार: पावलाखाली काहीतरी मऊ आणि भिंतीत फट नाही.

आधी निदान

उपचारांआधी निदान करावं. शेजाऱ्यांना सांगून दहा मिनिटांची एक तपासणी करता येते. वर रेडिओ मोठ्यानं लावायला सांगा आणि खाली ऐका. मग रेडिओ बंद करून टाच आपटत चालायला सांगा. पहिल्याचा त्रास जास्त असेल तर फटी आणि पोकळ्या शोधा. दुसऱ्याचा जास्त असेल तर उपाय वरच्या मजल्यावरच करावा लागेल.

फटी शोधायला उदबत्ती पुरते. डक्टची खिडकी, पाइपभोवतालची जागा, दाराची कड इथे उदबत्ती धरा. धूर एका बाजूला ओढला गेला की हवेची वाट आहे, आणि हवेची वाट ती आवाजाची वाट. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अचूक नसतं, पण आधी आणि नंतरचा फरक पाहायला चालतं. स्विचबोर्ड उघडून पाहायचा असेल तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच.

स्वस्तातून महागाकडे

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय ठोका जिथे बसतो तिथे करायचा. खुर्ची-टेबलाच्या पायांना नमद्याच्या किंवा रबराच्या टोप्या. खलबत्त्याखाली चौघडी केलेलं पोतं किंवा जाड रबर. घरघंटी, वॉशिंग मशीन रबराच्या पॅडवर आणि भिंतीपासून चार बोटं दूर. मुलं खेळतात तिथे सतरंजी किंवा जाड चटई. घरात मऊ चपला. हे सगळं काही शेकड्यांत होतं, पण ते वरच्या घरानं करायचं असतं, हीच त्यातली मेख.

पाण्याचा पंप इमारतीच्या कॉलमला किंवा भिंतीला घट्ट बोल्ट केलेला असेल तर तो साऱ्या इमारतीत घुमतो. त्याखाली रबरी पॅड आणि पाइपमध्ये लवचिक तुकडा टाकला की रात्रीची घरघर कमी होते. पाइपच्या क्लॅम्पमध्येही रबराची पट्टी घालावी.

त्यानंतर फटी. पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथली मोकळी जागा प्रत्येक मजल्यावर बुजवावी. पाइपला थेट सिमेंट लिंपलं तर त्याचं कंपन स्लॅबमध्ये जातं, म्हणून पाइपभोवती रॉकवूल गुंडाळून वरून आग रोखणारं सीलंट भरावं. साधा फवाऱ्याचा फोम डक्टमध्ये नको, तो पेटतो. मजल्यागणिक बंद केलेला डक्ट आगीच्या वेळी धुराड्याचं काम करत नाही, हा याचा दुसरा आणि मोठा फायदा आहे. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घालावेत, आणि गळका पाइप आधी दुरुस्त करून घ्यावा.

इथे एक इशारा. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर आवाज येतो म्हणून तिथली हवा येण्या-जाण्याची जाळी कधीही बंद करू नका. बंद बाथरूममध्ये तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. पाइपभोवतीची फट बुजवायची, हवेची जाळी नाही. खरा उपाय गीझर बाथरूमबाहेर बसवणं हाच.

सामाईक भिंतीतून बोलणं ऐकू येत असेल तर आपल्या बाजूनं दुसरा पातळ पडदा उभारता येतो. मूळ भिंतीला न टेकता उभा केलेला सांगाडा, मधल्या पोकळीत रॉकवूल, वर जिप्सम बोर्डाचे दोन थर, आणि चारही कडा सीलबंद. पोकळी रिकामी ठेवली तर ती ढोलकीसारखी घुमते. कापसासारखं तंतुमय काही भरलं की घुमणं थांबतं. फॉल्स सीलिंगचंही तेच: स्लॅबला लोखंडी पट्ट्यांनी घट्ट टांगलेलं सीलिंग फारसं काही करत नाही, रबरी हँगरवर टांगलेलं आणि आत रॉकवूल भरलेलं करतं. त्यात दिव्यांसाठी डझनभर भोकं पाडली की पुन्हा मूळपदावर.

भिंतीवर अंड्यांचे ट्रे, स्पंज किंवा थर्माकोल चिकटवून मात्र शेजारचा आवाज थांबत नाही. मऊ आवरणानं खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, पलीकडून येणारा आवाज नाही. विजापूरच्या गोलघुमटात भिंतींना स्पंज लावला तर तिथली कुजबुज घुमणं थांबेल, पण बाहेरचा आवाज आत येतच राहील. थर्माकोल तर वजनालाही नाही आणि लवचिकही नाही. शिवाय ही सामग्री झटकन पेट घेते.

घर बांधत असाल तर

शिरूर-दौंडमध्ये अजूनही बरीच घरं मालक स्वतः उभं राहून बांधून घेतात. हे काम बांधतानाच केलं तर खर्च नगण्य असतो. दोन कुटुंबांमधली भिंत नऊ इंची विटेची ठेवावी. स्विचबोर्ड पाठीला पाठ न लावता दीड-दोन फूट सरकवून घ्यावेत. बाथरूमचा डक्ट झोपण्याच्या खोलीला लागून नको. वरच्या मजल्याचं बाथरूम खालच्या शयनगृहावर नको. बीमखालचा सांधा मिस्त्रीकडून पूर्ण भरून घ्यावा. आणि वरच्या मजल्यावर फरशी थेट स्लॅबवर न चिकटवता खाली रबराचा किंवा कॉर्कचा पातळ थर, त्यावर कोबा आणि मग फरशी. हा थर भिंतीच्या कडेनंही वर घ्यायचा, म्हणजे कोबा भिंतीला कुठेच टेकत नाही. एक जरी ठिकाण टेकलं तरी ठोका तिथून उतरतो.

राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या आठव्या भागात ध्वनिरोधाचा स्वतंत्र विभाग आहे, पण संहिता मार्गदर्शक आहे. बांधकाम परवानगी देताना याची तपासणी क्वचितच होते. इंग्लंडमध्ये २००३ पासून दोन नव्या घरांमधल्या भिंतीने आणि मजल्याने किमान ४५ डेसिबल अडवलेच पाहिजेत, असा नियम आहे. फ्लॅट घेताना आपण नळाची कंपनी विचारतो, तसं ‘सामाईक भिंत किती इंची?’ हेही विचारायला लागलो तर बिल्डरही विचार करतील.

कायदा आणि कट्टा

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये. शेजाऱ्याच्या रात्रीच्या स्पीकरबद्दल ११२ वर तक्रार करता येते. पण टाचा आपटत चालण्याचं किंवा चटणी कुटण्याचं मोजमाप या नियमांत नाही, आणि रात्रपाळीवाल्याची रात्र तर दिवसाच असते. कायद्याला त्याची झोप दिसत नाही.

म्हणून सगळ्यात कामाचा उपाय जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी आहे. सोसायटीच्या फळ्यावर एक कागद लावा: कोणत्या घरात या आठवड्यात रात्रपाळी आहे आणि कोणत्या वेळेत झोप हवी. घरघंटी, ड्रिल, फर्निचर सरकवणं त्या वेळेच्या आधी किंवा नंतर. राग अनावर होण्याआधी, संध्याकाळच्या चहाच्या वेळी हे बोललं तर बहुतेक घरं ऐकतात. वरच्या माणसाला खरोखरच कल्पना नसते की त्याच्या जमिनीखाली कुणाचं तरी छत आहे.

ज्याला झोपायचं आहे त्यानंही थोडं करावं. पलंग डक्टच्या आणि सामाईक भिंतीपासून दूर न्यावा. पंख्याचा एकसारखा आवाज मधल्या ठोक्यांना काही प्रमाणात झाकतो. मऊ फोमचे इअरप्लग नीट बसवले तर चांगला फरक पडतो. ते स्वच्छ ठेवावेत, आणि कान वाहत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. एवढं करूनही आठवड्यात तीन-चार दिवस झोप लागत नसेल, दिवसभर डुलक्या येत असतील किंवा रक्तदाब चढता असेल, तर दोष भिंतीला देत बसू नये. डॉक्टरांना भेटावं, आणि आपण पाळीत काम करतो हे त्यांना आठवणीनं सांगावं.